लाळेचा कौल किती मानावा?

दात किडल्याची खबर घरच्यांना उशिरा मिळते. मूल एकाच बाजूने चावू लागते, रात्री कळवळून उठते किंवा पुढच्या दातांवर तपकिरी डाग दिसू लागतो, तेव्हा आत चाललेल्या प्रक्रियेला कित्येक महिने उलटलेले असतात. मग दात भरणे, मुळाचे उपचार किंवा दात काढणे एवढेच हाती उरते. तीन-चार वर्षांच्या मुलासाठी यातले काहीच सोपे नसते. म्हणून भोक पडण्याआधीच धोका ओळखता येईल का, हा प्रश्न दंतवैद्यकाने जवळजवळ शंभर वर्षे लावून धरला आहे. त्याचे उत्तर शोधताना संशोधकांची नजर पुन्हा पुन्हा लाळेकडे वळली, आणि ते स्वाभाविकच होते. लाळ सुई न टोचता मिळते, दातांभोवती अहोरात्र असते आणि किडीशी तिचा थेट संबंध आहे. तरीही लाळेच्या चाचणीचा कौल सगळीकडे सारखाच उपयोगी पडत नाही. त्यावर किती विसंबायचे हे चाचणीच्या अचूकतेइतकेच त्या वस्तीतल्या किडीच्या प्रमाणावर ठरते. ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही एकमेकांना लागून असलेली तीन शहरे डोळ्यांसमोर ठेवली, तर हा मुद्दा स्पष्ट होतो आणि त्यातून काय करायचे तेही कळते.

आधी लाळ काय करते ते पाहू. दाताचे बाहेरचे कठीण आवरण, म्हणजे इनॅमल, मुख्यतः कॅल्शियम आणि फॉस्फेटच्या स्फटिकांचे असते. दातांवर साचणाऱ्या चिकट थरातले जिवाणू साखर पचवून आम्ल तयार करतात. त्या थराचा पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की स्फटिक विरघळू लागतात. साखरेच्या पाण्याने चूळ भरल्यावर हा पीएच काही मिनिटांतच घसरतो आणि पूर्ववत व्हायला अर्धा ते एक तास घेतो, हे अमेरिकन संशोधक रॉबर्ट स्टीफन यांनी १९४० च्या दशकात मोजून दाखवले. या सावरण्याच्या काळात खरे काम लाळेचे असते. ती साखर धुऊन नेते, तिच्यातले बायकार्बोनेट आम्ल शमवते आणि तिच्यातले कॅल्शियम व फॉस्फेट दाताला झालेले नुकसान भरून काढतात. म्हणजे दातावर दिवसभर झीज आणि भरपाई दोन्ही चालू असतात. झीज वारंवार होऊ लागली आणि भरपाईला वेळच मिळाला नाही, की दात किडतो. झोपेत लाळ जवळजवळ आटते. त्यामुळे साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपणाऱ्या बाळाचे वरचे पुढचे दात सर्वांत आधी जातात. दिवसातून एकदा पोटभर शिरा खाणाऱ्या मुलापेक्षा दर तासाला एक बिस्किट किंवा गोळी खाणाऱ्या मुलाचे दात जास्त किडतात, त्याचेही कारण हेच.

ही यंत्रणा जसजशी उलगडत गेली तसतशा लाळेच्या चाचण्या आकाराला आल्या. बर्लिनमध्ये काम करणाऱ्या डब्ल्यू. डी. मिलर यांनी १८९० साली जिवाणूंच्या आम्लाचा सिद्धान्त मांडला. १९२४ मध्ये इंग्लंडच्या जे. किलियन क्लार्क यांनी किडलेल्या दातांतून स्ट्रेप्टोकोकस म्यूटन्स हा जिवाणू वेगळा केला. पुढे लाळेतल्या लॅक्टोबॅसिलस जिवाणूंची संख्या मोजणे सुरू झाले, आणि १९५९ मध्ये स्वीडनच्या एरिक्सन यांनी लाळेची आम्ल शमवण्याची क्षमता मोजण्याची पद्धत दिली. आज वापरात असलेल्या चाचण्या तीन धाग्यांवर उभ्या आहेत. पहिली पाहते लाळ किती सुटते. मेणाचा तुकडा चघळताना मोठ्या माणसाला मिनिटाला एक ते दोन मिलिलिटर लाळ सुटते, ती ०.७ च्या खाली गेली तर कमी समजतात. लहान मुलांत हे प्रमाण मुळातच कमी असते. दुसरी चाचणी आम्ल शमवण्याची क्षमता पाहते आणि रंग बदलणाऱ्या पट्टीवर तिचे उत्तर मिळते. तिसरी म्यूटन्स आणि लॅक्टोबॅसिलस जिवाणू मोजते. त्यासाठी पट्टी किंवा माध्यमाची नळी ३७ अंश सेल्सिअसवर साधारण दोन दिवस उबवावी लागते, आणि एक मिलिलिटर लाळेत लाखाच्या वर वसाहती आढळल्या तर धोका वाढलेला मानतात. स्वीडनमधील माल्मो येथे डग्लस ब्राथॉल यांनी १९९० च्या दशकात तयार केलेल्या कॅरिओग्राम या संगणकीय आराखड्यात धोका ठरवणारे दहा घटक आहेत. त्यांपैकी तीन लाळेतून कळतात. उरलेले आहार, खाण्याची वारंवारता, दातांवरचा थर, फ्लोराइड, आधीची कीड, इतर आजार आणि डॉक्टरांचा अंदाज असे आहेत.

या चाचण्या जे मोजतात ते खरेच मोजतात, यात वाद नाही. जास्त म्यूटन्स असलेल्या मुलांच्या गटात पुढे कीड जास्त आढळते, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसले आहे. पण गटाबद्दल खरे असलेले विधान एका मुलाबद्दल खरे ठरेलच असे नाही, आणि अडचण इथूनच सुरू होते. आरोग्यविषयक पद्धतींचे मूल्यमापन करणाऱ्या स्वीडनमधील सरकारी संस्थेने २००७ मध्ये उपलब्ध पुराव्यांचा आढावा घेतला. मुलाला आधी कीड होऊन गेली आहे का, हाच पुढच्या किडीचा सर्वांत चांगला एकेरी निदर्शक आहे, असे त्यात म्हटले होते. लाळेतले जिवाणू एकट्याने त्याच्या मागे पडतात. याची कारणे लाळेच्या स्वरूपातच आहेत. कीड एखाद्या दाढेच्या खाचेत किंवा दोन दातांच्या फटीत, थराखाली होते, आणि नमुना मात्र साऱ्या तोंडाचा असतो. कल्याणच्या खाडीतले पाणी तपासले तर वर वालधुनी नदीत घाण मिसळते आहे एवढे कळते, अंबरनाथ ते उल्हासनगरच्या वाटेवर ती नेमकी कोठे मिसळली ते त्या नमुन्यातून कळत नाही. लाळेचेही तसेच आहे. शिवाय लाळ दिवसाच्या वेळेप्रमाणे बदलते, नुकत्याच खाल्लेल्या पदार्थाने बदलते आणि औषधांनीही बदलते. तीन वर्षांच्या मुलाला पाच मिनिटे मेण चघळून लाळ भांड्यात सोड असे सांगता येत नाही. त्याचा नमुना कापसाच्या बोळ्याने घ्यावा लागतो आणि त्यात अचूकता आणखी घटते.

आता तीन शहरांकडे येऊ. २०११ च्या जनगणनेत उल्हासनगरची लोकसंख्या पाच लाखांच्या वर होती, अंबरनाथची अडीच लाखांच्या आसपास आणि बदलापूरची पावणेदोन लाखांच्या आसपास. तेव्हापासून बदलापूर आणि अंबरनाथ झपाट्याने वाढली आहेत. उल्हासनगरच्या पाच कॅम्पांमध्ये शिवणकामाचे कारखाने आणि बाजारपेठा आहेत, अंबरनाथला औद्योगिक वसाहत आणि आयुध निर्माणी आहे, आणि बदलापूरची कितीतरी कुटुंबे पहाटेच्या लोकलने मुंबईकडे निघतात. पालक दिवसभर कामावर असलेल्या घरात मूल आजी, शेजारीण किंवा पाळणाघराच्या हवाली असते आणि त्याला शांत ठेवण्याचा सोपा उपाय म्हणजे खाऊचे पाकीट. हा दोष आईबापांचा नाही. कामाच्या आणि प्रवासाच्या वेळांनी लादलेली ही दिनचर्या आहे. भारतीय दंत परिषदेच्या २००२-०३ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पाच वर्षांच्या ५१.९ टक्के आणि बारा वर्षांच्या ५३.८ टक्के मुलांच्या तोंडात कीड आढळली होती. निम्मी मुले, हे प्रमाण आधार म्हणून धरले तर लाळेच्या चाचणीचे गणित कसे बसते ते पाहू.

समजा, या शहरांतली शंभर लहान मुले घेतली. त्यांतल्या पन्नास जणांचे दात पुढच्या दोन-तीन वर्षांत किडणार आहेत. समजा, आपली चाचणी धोक्यातल्या दर दहा मुलांपैकी सहा अचूक ओळखते आणि निरोगी राहणाऱ्या दर दहांपैकी आठांना निरोगी म्हणते. लाळेच्या चाचणीसाठी ही अपेक्षा उदारच आहे. अशी चाचणी पन्नासांपैकी तीस मुले पकडेल, वीस सुटतील, आणि निरोगी पन्नासांतल्या दहांना उगाच धोक्यात धरेल. म्हणजे साठ मुलांच्या आयांना ‘काळजी नको’ असे उत्तर मिळेल, आणि त्या साठांपैकी वीस मुलांचे दात किडतील. दर तीन दिलाशांपैकी एक खोटा. आता हीच चाचणी अशा गावात न्या जिथे शंभरांत दहाच मुलांना कीड होते. तिथे ती सहा मुले पकडेल, चार सुटतील, आणि नव्वद निरोगी मुलांतल्या अठरांना उगाच धोक्यात धरेल. ‘काळजी नको’ असे ऐकणाऱ्या शहात्तर मुलांपैकी फक्त चारच फसतील. चाचणी तीच, अचूकताही तीच, पण एका गावात तिच्या दिलाशावर विसंबता येते आणि दुसऱ्या गावात तो दिलासाच मुलाच्या जिवावर येतो. कारण दिलासा मिळालेल्या घरात घासणे आणि खाऊ यांकडे लक्ष कमी होते, आणि नेमकी त्याच घरात गफलत होते.

या युक्तिवादावर एक भक्कम आक्षेप आहे. स्वीडनमध्ये दहा-अकरा वर्षांच्या मुलांवर केलेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कॅरिओग्राममधून लाळेच्या चाचण्या वगळल्या, तेव्हा भाकिताची अचूकता लक्षणीय घसरली होती. मग लाळ वगळावी असे म्हणणे पुराव्याविरुद्ध नाही का? तो निष्कर्ष मान्य करायलाच हवा. लाळेत माहिती आहे, आणि इतर घटकांच्या जोडीला ठेवली तर ती भाकीत सुधारते, एवढे त्यातून सिद्ध होते. पण त्या अभ्यासातली मुले मेण चघळून नमुना देऊ शकणाऱ्या वयाची होती. शिवाय तिथे कीड मोजक्या मुलांत एकवटलेली आहे, शाळांतून फ्लोराइड सगळ्यांपर्यंत पोचते आहे आणि प्रत्येक मुलामागे दंतसेवा उभी आहे. अशा ठिकाणी मोजक्या मुलांना निवडून त्यांच्यावर जास्त लक्ष देणे शहाणपणाचे असते, आणि निवडीसाठी चाचणी उपयोगी पडते. जिथे निम्म्या मुलांना कीड आहे तिथे निवडीतून फारसे वाचत नाही. उलट एक खर्च वाढतो. दोन दिवस उबवून येणाऱ्या उत्तरासाठी आईला किंवा वडिलांना पुन्हा यावे लागते, आणि मजुरी बुडवून किंवा लोकल चुकवून दुसरी फेरी मारणे जमत नाही म्हणून निम्मी उत्तरे कागदावरच राहण्याची भीती असते.

मग सुरुवात कोठून करावी? ओठ वर उचलून पाहण्यापासून. वरच्या पुढच्या दातांवर, हिरडीला लागून, खडूसारखी मळकट पांढरी रेघ दिसली तर तिथे खनिजे निघून जाऊ लागली आहेत, पण भोक अजून पडलेले नाही. ही अवस्था परतवता येते. तिच्यासाठी किट लागत नाही, उबवणी लागत नाही; उजेड, बोट आणि शिकवलेली नजर पुरते. अंगणवाडी सेविका, आशाताई आणि घरातली आजीही ते शिकू शकते. ही नजर पोचवण्याची सरकारी वाट तयार आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरला झाली, तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यातच होते. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तीसहून अधिक विकारांसाठी तपासणी करणाऱ्या या कार्यक्रमात दातांची कीड सुरुवातीपासून समाविष्ट आहे. त्याची पथके अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांत एकदा जातात. या तीन शहरांत मोठ्या संख्येने मुले खासगी शाळांत शिकतात, ती या फेरीबाहेर राहतात. ती उणीव नगरपालिकांनी आणि महापालिकेने शाळांशी बोलून भरून काढायला हवी. पांढरी रेघ दिसलेले मूल पुढे कोठे न्यायचे, हेही तपासणीच्याच दिवशी लिहून दिले पाहिजे. उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय आणि अंबरनाथचे छाया रुग्णालय ही नावे पालकांना माहीत असतात. तिथे दातांसाठी कोणत्या दिवशी यायचे, हे त्यांना कळले पाहिजे.

तपासणीबरोबर सर्वांसाठी एक उपाय लागतो, तो म्हणजे फ्लोराइड असलेली टूथपेस्ट. सह्याद्रीतून वाहत येणाऱ्या उल्हास नदीचे आणि बारवी धरणाचे पाणी पिणाऱ्या या पट्ट्यात यवतमाळ किंवा चंद्रपूरच्या काही गावांसारखा जादा फ्लोराइडचा प्रश्न नाही, आणि नळाच्या पाण्यातून दातांना पुरेसे संरक्षण मिळते असेही मानता येत नाही. पहिला दात आल्यापासून दिवसातून दोनदा, तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी पेस्ट, आणि घासणारा हात मोठ्या माणसाचा, असा शिरस्ता बालदंतवैद्यक सांगते. इथे दुसरा आक्षेप येतो. ज्यांना कीड होणारच नाही त्या निम्म्या मुलांवर हा उपाय वाया नाही का जात, आणि लहान मुले पेस्ट गिळतात त्याचे काय? गिळण्याचे भय रास्त आहे, म्हणूनच दाण्याएवढे प्रमाण सांगितलेले आहे. त्या प्रमाणात, मोठ्यांच्या देखरेखीखाली धोका फार कमी राहतो. वाया जाण्याचा मुद्दा मात्र टिकत नाही. बहुतेक घरांत पेस्ट आधीच विकत घेतली जाते. प्रश्न फक्त ती फ्लोराइडची आहे का आणि मुलाला ती लावतो कोण, हा असतो. मुलांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही पेस्टमध्ये फ्लोराइड नसते किंवा कमी असते, हे पाकिटावर वाचायला शिकवणे कोणत्याही चाचणीपेक्षा स्वस्त आहे. जिथे भोक पडलेच आहे पण मूल यंत्र सहन करू शकत नाही, तिथे ३८ टक्के सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइडचा एक थेंब कीड थांबवू शकतो. दात काळा पडतो हे पालकांना आधी सांगावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हे औषध अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले.

इतके म्हटल्यावर लाळेची चाचणी बाजूला टाकावी असा अर्थ निघतो का? नाही. तिच्यासाठी नेमक्या जागा आहेत. पहिली जागा दोन वर्षांखालच्या मुलांची. त्यांच्या तोंडात अजून कीड झालेली नसते, म्हणून ‘आधीची कीड’ हा सर्वांत चांगला निदर्शक तिथे मुका असतो. अमेरिकेतील पेज कॉफील्ड यांनी १९९३ मध्ये म्यूटन्स जिवाणू बहुधा वयाच्या एकोणीस ते एकतीस महिन्यांदरम्यान बस्तान बसवतात असे दाखवले होते; नंतरच्या कामात ते त्याआधीही आढळले आहेत. स्वीडनमध्ये १९८० च्या दशकात आयांच्या लाळेतले हे जिवाणू कमी केल्यावर त्यांच्या बाळांत ते उशिरा पोचले. त्यामुळे मोठ्या भावंडाचे दात किडले आहेत किंवा आईच्या स्वतःच्या तोंडात उघडी कीड आहे अशा घरात बाळाच्या आणि आईच्या लाळेची तपासणी अर्थपूर्ण ठरते, कारण तिच्या उत्तरावरून पुढची पावले बदलतात. दुसरी जागा आजारी मुलांची. दमा, अपस्मार किंवा अॅलर्जीवरची काही औषधे लाळ कमी करतात आणि काही गोड पाकात दिली जातात. बीटा थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराचे वाहक सिंधी समाजात तुलनेने जास्त आढळतात, हे उल्हासनगरच्या डॉक्टरांना ठाऊक आहे. थॅलेसेमिया मेजर असलेल्या मुलांच्या लाळेच्या घटकांत फरक आणि दातांत जास्त कीड आढळल्याचे काही अभ्यास आहेत. रक्त घेण्यासाठी नियमित रुग्णालयात येणाऱ्या अशा मुलाची लाळ किती सुटते आणि आम्ल किती शमवते हे मोजणे सोपे आहे, त्याला वेगळ्या फेरीची गरज नाही, आणि उत्तर वाईट आले तर फ्लोराइड वार्निश, जास्त वेळा तपासणी आणि गोड औषधाला पर्याय असे ठोस काही करता येते. तिसरी जागा मागोवा घेण्याची: उपचार झालेल्या मुलाच्या तोंडातली परिस्थिती बदलते आहे का, हे त्याच मुलाच्या आधीच्या मोजमापाशी ताडून पाहता येते.

शेवटचा आक्षेप भविष्याचा आहे. जिवाणूंची डीएनए ओळख आणि लाळेतली प्रथिने वाचणारी यंत्रे येत आहेत; मग चाचणी इतकी अचूक होईल की वरचे सगळे गणित निकालात निघेल, असे म्हटले जाते. अचूकता वाढेल, आणि तिचे स्वागतच करावे. पण पुढच्या दोन वर्षांत दात किडेल की नाही हे आजच्या लाळेत पूर्ण लिहिलेले नसते. मूल अंगणवाडीत जाऊ लागते, हातात खाऊचे पैसे येतात, आईच्या कामाची पाळी बदलते, धाकटे भावंड येते आणि घासायला कोणी उरत नाही. कीड या बदलांतून ठरते, आणि ते बदल नमुना घेतल्यानंतर घडतात. म्हणून चाचणी कितीही सुधारली तरी एका प्रश्नाचे उत्तर आधी द्यावे लागेल: निकाल काहीही आला तरी करायचे तेच असेल, तर निकालाची वाट का पाहायची? या तीन शहरांतल्या बहुतेक मुलांसाठी आज त्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट आहे. पेस्ट, ओठ उचलून पाहणे आणि खाण्याच्या वेळा कमी करणे, ही कामे लाळ तपासण्याआधी सुरू करता येतात आणि केली पाहिजेत. सोबत प्रत्येक फेरीत किती मुलांना नवी कीड झाली याची नोंद वर्षानुवर्षे ठेवली पाहिजे. ते प्रमाण निम्म्यावरून दहातल्या एकावर आले, की कीड मोजक्या मुलांत एकवटेल, दिलाशाचा कौल विश्वासार्ह होईल, आणि त्या मोजक्या मुलांना शोधण्यासाठी लाळेची चाचणी सर्वांसाठी आणणे योग्य ठरेल.